औषधाला न जुमानणारा क्षय : मुंबईची खोली आणि आमचा हंगाम

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही ऊसतोडीच्या दरांवर आणि करारांच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय आमच्या रोजच्या तोंडचा आहे. परंतु या मंडपात बसणारा श्रोता ते सारे दरवर्षी वर्तमानपत्रांतून वाचतो आणि घडी करून ठेवून देतो. म्हणून आम्ही क्षयरोगाचा विषय मागून घेतला; त्यातही साध्या क्षयाचा नव्हे, औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचा. चिटणीस म्हणाले, "अण्णा, तो डॉक्टरांचा विषय." डॉक्टरांचा तो आहेच. आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले; पुढचे जे काही झाले ते यंत्रमागाच्या खात्यात, कामगार न्यायालयाच्या ओसरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा जंतूंविषयी आम्ही जे सांगू ते वाचलेले आहे. पण जंतू एका छातीतून दुसऱ्या छातीत कोणत्या वाटेने जातो, त्या वाटेवर भाडे किती, मजुरी किती आणि मुकादम कोण, हे आम्ही पाहिलेले आहे. आणि या गोष्टीत आमच्याही हातून एक चूक झाली आहे. ती पुढे ओघात येईलच.

आपल्या पूर्वजांनी या रोगाला राजयक्ष्मा म्हटले. खुद्द चंद्राला दक्षाच्या शापाने तो जडला अशी कथा आहे. राजांचा म्हणून नाव मिळालेला हा रोग पुढे गिरणी कामगाराच्या घरचा कसा झाला, येथून आमच्या इतिहासाला सुरुवात होते.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. लोक हजारोंनी मेले, हजारोंनी पळाले, गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा सरकारला कामगारांच्या घरांची आठवण झाली आणि १८९८ साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने गलिच्छ वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, काही चाळी बांधल्या. त्यांतल्याच परळच्या एका चाळीत डॉ. आंबेडकरांनी आयुष्यातली वीसएक वर्षे काढली. परंतु पाडलेली घरे जास्त आणि बांधलेली कमी, असा तो हिशेब होता. घर गेलेला माणूस शेजारच्या चाळीत शिरला आणि तेथली गर्दी वाढली. पुढे १९२० नंतर विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच बी. डी. डी. चाळी. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. १९२५ साली बर्नेट-हर्स्ट नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या मजुरांच्या घरांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला आढळले की शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहतात. त्या खोलीतही कुटुंबाशिवाय गावचे दोन-चार जण पाठ टेकायला असतच. एकटे आलेले कामगार गाळ्यात राहत, खानावळीत जेवत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई.

हे वर्णन आम्ही पुस्तकातून सांगत आहो, पण ते आम्हांस पुस्तकात शोधावे लागले नाही. १९८८ साली आम्ही भिवंडीला मागावर लागलो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्यांचे बरेचसे कापड भिवंडीसारख्या गावी मागांच्या खोपटांत विणले जाऊ लागले. आमच्या खोलीत सोळा जण होते, आठ दिवसाचे, आठ रात्रीचे. खिडकी एक, तीही गटारावर उघडणारी, म्हणून बंद. त्या खोलीत कोपऱ्यात निजणारा एक जण रात्रभर खोकत असे. त्याला आम्ही झोपमोड होते म्हणून शिव्या दिल्या, एवढेच आम्हांस त्या वयात कळत होते. एके दिवशी त्याची वळकटी नव्हती. गावी गेला, असे समजले. मुंबईचा आजारी कामगार मरायला गावी जातो, त्यामुळे मुंबईच्या मृत्यूच्या नोंदवहीत त्याचा आकडा लागत नाही, ही तक्रार जुन्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या काळापासूनची आहे. शहर रोग देते आणि मरणाची नोंद गावच्या खात्यावर पडते.

येथे थोडे थांबून गिरणीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. साचेखात्यात कांडी बदलताना धाग्याला तोंड लावावे लागे. म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. पगार चांगला होता तो तेथेच. त्यांना रिंग खात्यात कमी पगारावर राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि कामगार पुढाऱ्यांना तो रुचला नाही. आमच्या चळवळीच्या इतिहासातले हे पान आम्ही लपवीत नाही. आता विचार करा. विटाळाच्या भीतीने ज्यांनी धोटा वेगळा ठेवला, ते सर्व जण एकाच खात्याच्या दमट, बंद हवेत दहा-दहा तास श्वास घेत होते. क्षय पसरतो तो मुख्यतः हवेतून. रोगी खोकला की सूक्ष्म थेंब उडतात आणि बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. ऊन आणि वारा असेल तर ते विरतात, मरतात. धाग्याला मात्र ऊन-वारा सोसत नाही, तो तुटतो. म्हणून खात्याच्या खिडक्या बंद आणि हवेत वाफ सोडलेली.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू दाखविला, पण त्यानंतर साठ वर्षे त्या जंतूवर औषध नव्हते. तरीही इंग्लंडात क्षयाचे मृत्यू त्या काळात सतत घटत आले होते. का घटले, यावर विद्वानांत भांडण आहे. थॉमस मॅककिऑन यांनी अन्नपाणी सुधारले म्हणून असे सांगितले. दुसरे म्हणतात, घरे आणि नगरपालिका सुधारल्या म्हणून. भांडण कोणीही जिंको, दोन्ही पक्षांत औषधाच्या बाटलीचे नाव नाही, एवढे आम्हांस पुरे आहे.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. १९४८ साली इंग्लंडातल्या प्रयोगाचा अहवाल आला. ५५ रोग्यांना औषध दिले, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले चारच मेले, दुसऱ्या गटातले चौदा. जगाला वाटले, जिंकलो. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. औषधवाल्यांतल्या बहुतेकांच्या थुंकीत थोड्याच महिन्यांत असे जंतू दिसू लागले की ज्यांना ते औषध बाधेना. पाच वर्षांनी मोजले तेव्हा औषधवाल्यांतले ३२ मेलेले होते आणि दुसऱ्या गटातले ३५. विजय पाच वर्षांत वितळला. म्हणजे हा हट्टी क्षय काही आजचा नाही. पहिल्या औषधाबरोबरच तो जन्मला.

तो जन्मतो कसा, हे आमच्या जिल्ह्यातल्या कापूसवाल्याला सांगावयाची गरज पडू नये. २०१७ साली बोंडअळीने शेतकरी बुडाला. ज्या वाणाने अळी मरावयाची, त्याच वाणावर ती पोसली गेली. लाखांत एखादी अळी मुळातच दणकट असते. बाकीच्या मेल्या की शेत तिचे. क्षयाच्या जंतूंचे तसेच. लाखो-कोटी जंतूंत एखादा मुळातच एका औषधाला दाद न देणारा असतो. म्हणून एकदम तीन-चार औषधे द्यावयाची, की एकाला चुकविणारा दुसऱ्याच्या तावडीत सापडावा. आणि ती सहा महिने द्यावयाची. मध्येच सोडली, किंवा चारऐवजी दोनच दिली, की दणकट तेवढे उरतात. आइसोनायझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधे ज्याला लागू पडत नाहीत, त्याला डॉक्टर बहुऔषधी प्रतिकाराचा क्षय म्हणतात.

इथपर्यंत सारे म्हणतात, "म्हणजे दोष रोग्याचाच. त्याने औषध सोडले." हे वाक्य आम्ही कलेक्टर कचेरीपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकले आहे. मजूर अडाणी, मजूर दारूडा, बरे वाटले की गोळ्या फेकतो. या वाक्याची उलटतपासणी करणे हाच आमच्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

पहिला साक्षीदार मद्रासचा. १९५६ साली तेथे एक केंद्र निघाले आणि गरीब वस्तीतल्या १९३ रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, जेथे हवा, अन्न, विश्रांती सर्व उत्तम. दुसरा आपापल्या कोंदट घरी, जेथे अन्न कमी आणि काम जास्त. औषध दोघांना तेच. वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना लागणही अधिक झाली नाही. साऱ्या जगाने या प्रयोगावरून धडा घेतला की सॅनिटोरियमची जरुरी नाही. धडा खरा होता, पण आपल्या राज्यकर्त्यांनी तो अर्धाच घेतला. मद्रासेत घरी जाणारे लोक होते. ते गोळ्या मोजत, लघवी तपासत, रोगी आला नाही तर त्याच्या दारात उभे राहत. गरिबाच्या घरीही औषध गुण देते, जर ते त्याच्या घरापर्यंत खरोखर पोचले तर, एवढे मद्रासने सिद्ध केले. गरिबाचे घर रोग पोसत नाही, असे त्याने कधीच सिद्ध केले नव्हते. १९६२ साली राष्ट्रीय क्षय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गोळ्या देण्याचे ठरले, आणि दारात उभा राहणारा माणूस हळूहळू कागदावरच राहिला.

दुसरा साक्षीदार त्यानंतर लगेचचा आहे आणि तो आमचा आवडता आहे. १९६३ साली डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूरकडच्या खेड्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की ज्यांना क्षयाची लक्षणे होती त्यांतले निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन दवाखान्यात जाऊन आलेले होते. दवाखान्याने त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठविले होते. अडाणी कोण होते, याचा निवाडा श्रोत्यांनी करावा.

तिसरा साक्षीदार धारावीचा. १९९१ साली मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांनी तेथल्या शंभराच्या आसपास खाजगी डॉक्टरांना विचारले, क्षयाला काय देता? ऐंशी तऱ्हेची उत्तरे आली. वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना केला. बरोबर चिठ्ठी लिहू शकले ते सहा जण. मजूर सरकारी दवाखाना सोडून यांच्याकडे का जातो, असे विचारणाऱ्याने सकाळी नऊला त्या दवाखान्याच्या रांगेत उभे राहून दाखवावे. रांगेत उभा राहिला तर नाक्यावरचे काम गेले, काम गेले तर संध्याकाळचे पीठ गेले. गल्लीतला डॉक्टर रात्री दहालाही बसलेला असतो. तो चार औषधे लिहितो. औषधवाला विचारतो, किती दिवसांची? खिशात असतील तेवढ्यांची. दोन दिवसांची. त्यातही महागडी गोळी वगळून. दणकट जंतूला याहून चांगले शेत कोणते मिळणार?

सरकारने काही केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९९७ पासून नवा कार्यक्रम आला. प्रत्येक रोग्याच्या नावाचा औषधांचा डबा, समोर बसवून गोळी गिळविणे. २००६ पर्यंत तो सबंध देशात पोचला आणि लक्षावधी माणसे वाचली. पण त्यात दोन खोटी होत्या. औषध आठवड्यातून तीनदाच. एक दिवस चुकला की मोठी खिंड पडे. रोजचे औषध देशभर द्यावयास २०१७ साल उजाडले. दुसरी खोट अशी की, पहिल्या औषधाने गुण आला नाही, तर जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे न पाहताच त्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनच्या सुयांची भर घालीत. हरत्या फौजेला एकच नवा शिपाई धाडल्यासारखे ते होते. तो शिपाईही कामी येई, आणि जंतू आणखी एका औषधाला सरावे.

आता आमची चूक.

२००८ च्या दसऱ्यानंतर आमच्या तालुक्यातला एक तोडकरी आमच्या कचेरीत आला. आमच्या वडवणी-धारूरकडच्या माळरानातला माणूस जसा असतो तसा, अंगाने सुकलेला, बोलायला संकोची. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली होती, जोडीची, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्याने विचारले, "अण्णा, गोळ्या चालू हायत माह्या. जाऊ का नको?" आम्ही हिशेब मांडला. गेला नाही तर उचल व्याजासकट अंगावर. बायकोला एकटीला कोण नेणार. मुकादम दारात येऊन बसणार. आम्ही म्हणालो, "जा, तिकडेही सरकारी दवाखाना आहे, कागद घेऊन जा, गोळ्या मिळतील." हे आम्ही सहज म्हणालो. हंगाम सहा महिन्यांचा आणि क्षयाचे औषधही सहा महिन्यांचे, ही गोष्ट आमच्या ध्यानात त्या दिवशी आली नाही. वीस वर्षे दरवाढीची गणिते करणाऱ्या माणसाला एवढी बेरीज सुचली नाही.

तो सांगलीकडे गेला. कोपी उसाच्या फडाजवळ, दवाखाना आठ-नऊ मैलांवर. पहाटे तीनला फडावर जावयाचे, गाडी भरून संपेपर्यंत परत नाही. एक दिवस खाडा केला तर मजुरी गेलीच, वर मुकादम दंड मांडतो. एकदा तो गेला, तर तेथल्या माणसाने सांगितले, तुमचा डबा तुमच्या गावी आहे, तेथून कागद मागवावा लागेल. दुसऱ्यांदा तो गेला नाही. एप्रिलमध्ये पट्टा पडला तेव्हा तो गाडीवर झोपून आला. मग सुयांचा तो आठ महिन्यांचा उपचार झाला. गुण नाही. तेव्हा तो मुंबईस थोरल्या भावाकडे गेला.

भाऊ गोवंडीस राहत होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसे बाहेर पडली आणि मुंबई-पुण्याच्या झोपड्यांत रुतली, त्यांत यांचे वडील होते. रस्त्यासाठी झोपडी गेली आणि तिच्या बदल्यात सात मजली इमारतीत २२५ चौरस फुटांची पक्की खोली मिळाली, खालच्या मजल्यावर. आम्ही त्यास भेटावयास गेलो. भर दुपारी बाराला दिवा लावलेला होता. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की बांबू टाकून वाळवण घालावे. सहा माणसे त्या खोलीत होती, सातवा हा. तेथे तो दीड वर्ष खोकला. २०११ च्या पावसाळ्यात वारला.

पुढे वाचनात आले की गोवंडी-मानखुर्दच्या अशा तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी झाली. डॉक्टर, समाजशास्त्राचे आणि वास्तुशास्त्राचे अभ्यासक तीत होते आणि निष्कर्ष २०१८ नंतर प्रसिद्ध झाले. जेथे इमारती एकमेकींना खेटून होत्या त्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडांत क्षय अधिक. जेथे त्या अंतर राखून होत्या तेथे कमी. आणि खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन-वारा पोचत नाही, तेथे वरच्यापेक्षा अधिक. झोपडीला निदान पत्र्याच्या फटी होत्या. १८९८ ला प्लेगच्या नावाने ज्यांची घरे पाडली त्यांची पतवंडे आता सिमेंटच्या घरात राहतात, पण खोलीत हवा किती याचा हिशेब पुन्हा कोणी केला नाही. चटईक्षेत्राचा मात्र पै-पैचा झाला.

डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे आमचा माणूस गेला त्याच वर्षी, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. उदवाडिया यांनी चार रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. दिल्लीत धांदल उडाली. सरकारने त्या नावालाच हरकत घेतली. पण २०१२ च्या मे महिन्यात क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळविणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले, आणि मुंबई महापालिकेने तपासणीची यंत्रे वाढविली. वर्तमानपत्रांत मथळा आला की काही तरी होते, हा आमचा संपातला अनुभव येथेही खरा ठरला.

२०१३ साली त्या थोरल्या भावाच्या मुलीला ताप येऊ लागला. वय एकोणीस. दोन तासांत अहवाल देणारे नवे यंत्र तोपर्यंत आले होते. अहवाल आला: रिफाम्पिसिन लागू नाही. श्रोतेहो, त्या मुलीने तोपर्यंत आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतलेली नव्हती. तिने कोणते औषध सोडले होते? कोणती दारू प्याली होती? तिला जो जंतू मिळाला तो घडून, तासून, दणकट होऊनच मिळाला. सांगलीच्या फडावर, आमच्या कचेरीत, सुयांच्या टेबलावर घडलेला. आज शहरांत बहुऔषधी क्षयाच्या रोग्यांतले कितीतरी जण असेच असतात. त्यांना हा रोग स्वतःच्या चुकीने नव्हे, श्वासातून मिळालेला असतो. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नव्या रोग्यांत शेकडा २.८४ आणि पूर्वी औषध घेतलेल्यांत शेकडा ११.६० जणांना हा क्षय निघाला. नव्यांचा टक्का लहान दिसतो. पण नवे रोगी दरवर्षी लाखोंनी असतात, हे विसरू नये.

मुलगी दोन वर्षे औषध घेत होती. सुया, मुठीमुठीने गोळ्या, ओकाऱ्या. ती वाचली. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. त्या सुयांचा तो ठरलेला दुष्परिणाम होता. कान न घालविणारे बेडाक्विलिन नावाचे औषध अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मान्य झाले होते. आपल्याकडे ते २०१६ साली आले, तेही मोजक्या रुग्णालयांत, शिधापत्रिकेच्या साखरेसारखे. कंपनीला त्यावरची मक्तेदारी वाढवून हवी होती. तेव्हा दोन स्त्रियांनी हरकत घेतली: मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींचेही कान क्षयाच्या औषधांनी गेलेले. मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कचेरीने त्यांचे म्हणणे मानले. दोन देशांतल्या दोन रोगी बायकांनी एका जागतिक कंपनीला अडविले, ही बातमी आम्ही आमच्या सभांतून वाचून दाखविली. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने या रोगासाठी सहा महिन्यांचा, गोळ्यांचाच उपचार मान्य केला आहे.

आपलेच शहर असे, असे मात्र कोणी समजू नये. न्यूयॉर्क हे पैशाचे आगर. तेथे १९८० नंतर क्षय उलटला आणि हट्टी झाला, कारण पालिकेने दवाखाने कमी केले होते आणि बेघर माणसे एकेका दालनात शेकड्यांनी निजत होती. १९९१ साली हार्लेमच्या रुग्णालयातल्या क्षयरोग्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला; घरी सोडलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी उपचार पुरा केला नव्हता. घर असते तर 'घरी सोडले' या शब्दाला अर्थ होता.

मग अन्नाचे काय? झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना महिन्याचा शिधा पुरविला: तांदूळ आणि डाळ. नुसत्या शिध्याने त्या घरांतला नवा क्षय शेकडा ३९ ते ४८ ने घटला. लस नाही, गोळी नाही, डाळ-तांदूळ. सरकार २०१८ पासून रोग्याला महिना ५०० रुपये देत आले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देते. पण ते रोग्याला. घरातल्या बाकीच्यांनी आजारी पडेपर्यंत थांबावयाचे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

आणि खाड्याचा शब्द निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. मार्च २०२४ मध्ये देशात साध्या क्षयाच्याच औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना आपापल्या पातळीवर खरेदी करावयास सांगितले. रोग्याने खाडा केला तर त्याचे नाव वहीत लाल शाईने लिहितात. औषधानेच खाडा केला तर लाल शाई कोणाच्या नावापुढे?

१९४८ च्या कामगार विमा कायद्यात क्षयाच्या रोग्याला लांब मुदतीची भरपगारी नव्हे पण निदान पोटापुरती रजा होती. गिरण्या गेल्या तशी ती रजाही लक्षावधींच्या हातून गेली. नाक्यावरचा मजूर, वीटभट्टीवरचा, ऊसतोड्या यांना ती कधीच नव्हती. कारण कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी, आणि मुकादम म्हणतो, मी तर तुमच्यासारखाच गरीब. आजारपणाच्या एका दिवसाची किंमत माणूस कशी चुकवतो, हे २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशयांच्या बातम्यांनी साऱ्या देशाला दाखविले आहे. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

आमच्या मागणीपत्रकात वर्षानुवर्षे दर, कमिशन, विमा, मुलांची शाळा अशी कलमे असत. गोळ्यांचे कलम आम्ही २०१४ साली प्रथम घातले: जाताना प्रत्येक टोळीतल्या रोग्याची नोंद फडाजवळच्या दवाखान्यात आधी जावी, गोळ्या कोपीवर पोचाव्यात, आणि दवाखान्याचा दिवस खाडा धरू नये. बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "हे कलम आरोग्य खात्याचे, येथे कशाला?" शेवटचा भाग, खाड्याचा, त्यांनी खोडला. दोन वेळा तो पुन्हा लिहिला, दोन वेळा खोडला गेला. गेल्या दसऱ्याला आम्ही गावागावांतल्या गाड्यांवर वही घेऊन उभे राहिलो. कोणाच्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या कारखान्याला जाणार, कोणत्या महिन्यात संपतात, एवढेच लिहून घेतले. काहींनी मुकादमाच्या भीतीने सांगितले नाही. तेवीस जणांनी सांगितले. त्यांतल्या सतरा जणांच्या गोळ्या हंगामात एकही दिवस चुकल्या नाहीत. सहा जणांपैकी चौघांना शोधून काढले आहे. पट्टा पडल्यावर गाड्या परत येऊ लागल्या आहेत. या मंडपात येताना रस्त्यावर आपल्यालाही दिसल्या असतील. उरलेले दोघे त्यांत आहेत का, हे पाहावयास आमचे दोन कार्यकर्ते आज नाक्यावर बसले आहेत, म्हणून ते या व्याख्यानाला येऊ शकले नाहीत.